थोरलीची वाया गेलेली तीन वर्षे

बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीत दोन गोष्टी येतात. एक पेढे आणि दुसरी जाहिरातींची पत्रके. पेढे दोन दिवसांत संपतात. पत्रके मात्र महिनाभर दारातून आत येत राहतात.

यंदाही तसेच झाले. मागच्या गल्लीतला एक भाऊ संध्याकाळी घरी आला. जयभीम केला, चहा घेतला आणि खिशातून घडी घातलेले रंगीत पत्रक काढून आमच्यापुढे ठेवले. "दादा, वहिनी, पोरीला नर्सिंगला घालायचं म्हणतो. हे कॉलेज बरं वाटतं. उद्या पंचवीस हजार भरायचे आहेत. तुमच्या दोन्ही पोरी नर्स आहेत, म्हणून विचारायला आलो."

पत्रकावर पांढऱ्या टोपीतली हसरी मुलगी होती. खाली 'शासनमान्य', 'रजिस्टर्ड', 'आयएसओ प्रमाणित' आणि 'शंभर टक्के नोकरीची हमी' असे छापले होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. अगदी असेच पत्रक २०१३ साली आमच्याही घरात आले होते. त्या रात्री त्या भावाला आम्ही जे सांगितले, तेच येथे लिहितो आहोत. स्वतःची फजिती चारचौघांत सांगायला कुणाला आवडते? पण आमच्या फजितीने दुसऱ्याची एक पोर वाचणार असेल, तर लाज कशाची?

आम्ही भुसावळकडचे. आमच्यापैकी एकजण दीपनगरच्या वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली राबतो, दुसरी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. दोघांचे शिक्षण मिळून एक मॅट्रिक होत नाही. पण लेकींना शिकवायचे हे लग्न झाले तेव्हापासून ठरलेले. थोरली २०१३ साली बारावी पास झाली. तिला नर्स व्हायचे होते. लहानपणी तिच्या आजीला सरकारी दवाखान्यात ठेवले होते, तेव्हा रात्री एका सिस्टरने आजीचे डोके मांडीवर घेऊन तिला पाणी पाजले होते. ते दृश्य पोरीच्या मनात घर करून बसले होते.

पत्रक वाचून आम्ही त्या संस्थेत गेलो. दुकानांच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या. एका खोलीत खाट आणि तिच्यावर प्लास्टिकचा माणूस, दुसऱ्या खोलीत बाके, तिसऱ्या खोलीत थंडगार हवेत बसलेले साहेब. साहेबांनी भिंतीवरची चौकट दाखवली. तिच्यात मोठा नंबर होता. आम्ही तो नंबर पाहून समाधानी झालो. तीन वर्षांचा कोर्स, वर्षाला पस्तीस हजार. बचत गटाचे कर्ज काढले, पोत मोडली, ठेकेदाराकडून उचल घेतली. दहावी-बारावीचे मूळ दाखले साहेबांनी कपाटात ठेवून घेतले. निम्म्या पैशांची पावती दिली, निम्म्याची दिली नाही. आम्ही विचारलेही नाही. मोठ्या माणसाला पावती मागायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटले.

पहिली खूण तेव्हाच मिळाली होती, पण ती आम्हाला वाचता आली नाही. शिष्यवृत्तीचे विचारले तेव्हा साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." आम्ही समाजकल्याण कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूने यादी चाळली आणि सांगितले, "या संस्थेचे नाव आमच्याकडे नाही." आम्हाला वाटले, सरकारी काम, नाव चढायला उशीर लागत असेल. आज कळते की त्या बाबूने एका वाक्यात आम्हाला सगळे सांगून टाकले होते. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त संस्थेतल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच मिळते. जिथे आपल्या मुलांना शिष्यवृत्ती लागू होत नाही, तिथे आधी थांबावे आणि कारण विचारावे.

तीन वर्षे पोर रोज सकाळी डबा घेऊन जात होती. प्रात्यक्षिकासाठी त्यांना एका पंधरा खाटांच्या खासगी दवाखान्यात पाठवत. तिथे शिकवायला कुणी नव्हते. फरशी पुसणे, चादरी बदलणे, रात्रपाळीला जागणे. बिनपगारी कामाला हक्काच्या पोरी मिळाल्या होत्या, एवढेच. २०१६ साली संस्थेने सोनेरी अक्षरांचे प्रमाणपत्र दिले. वस्तीत आम्ही पेढे वाटले.

त्याच वर्षी सरकारी भरतीची जाहिरात आली. थोरली नेट कॅफेत अर्ज भरायला बसली आणि अर्ध्या तासात परत आली. म्हणाली, "आई, फॉर्मवर नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागतात. माझा नंबर कुठे आहे?"

आम्ही चौकटीतला तो मोठा नंबर आठवला. तो घेऊन मुंबईला परिषदेच्या कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी प्रमाणपत्र उलटसुलट पाहिले आणि शांतपणे सांगितले, "हा तुमच्या संस्थेचा ट्रस्ट नोंदणीचा नंबर आहे. नर्सिंगचा याच्याशी काही संबंध नाही. या कोर्सची नोंदणी होणार नाही."

तेव्हा आम्हाला अर्थ कळला. चार माणसे एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. आपले मित्रमंडळ, भजनी मंडळ, बचत गटाचा संघ, सगळे 'रजिस्टर्ड' असू शकते. म्हणून काही मित्रमंडळाला नर्स घडवण्याचा अधिकार मिळत नाही. आयएसओचेही तसेच. ते प्रमाणपत्र कामकाजाच्या पद्धतीसाठी असते. तिथे शिकलेली मुलगी नर्स म्हणून नोंदली जाईल, असे ते कुठेही सांगत नाही.

गावी परत आलो तर संस्थेची पाटी बदलली होती. तिथे संगणकाचे वर्ग सुरू झाले होते. मूळ दाखले मिळवायला आठ फेऱ्या माराव्या लागल्या. आम्ही तक्रार केली नाही. पावत्या अर्ध्या, हिंमत त्याहून कमी. ती आमची दुसरी चूक.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट पुढे घडली, आणि मान्यता कशासाठी असते हे आम्हाला खरे तिथे उमजले. नोंदणी नाही म्हणून थोरली एका खासगी रुग्णालयात कमी पगारावर लागली. कागदोपत्री ती मदतनीस होती. अंगावर मात्र नर्सचा पोशाख, आणि काम पडेल ते. एका रात्री डॉक्टरांनी फोनवरून सांगितले की अमुक खाटेवरच्या बाईला पोटॅशियमचे इंजेक्शन द्या. थोरलीने कुपी फोडली, सिरिंजमध्ये औषध ओढले आणि बाईच्या हातातल्या सलाईनच्या सुईकडे वळली. तेवढ्यात बाजूच्या वॉर्डातल्या वयस्क सिस्टर आल्या. त्यांनी तिचा हात धरला. म्हणाल्या, "पोरी, हे असं थेट शिरेत देत नाहीत. सलाईनमध्ये मिसळून हळूहळू सोडतात. असं दिलं असतंस तर बाईचं हृदय थांबलं असतं."

त्या रात्री घरी येऊन पोर जेवली नाही. पहाटे एवढेच म्हणाली, "मला कुणी शिकवलंच नाही, आई." तिचा गुन्हा नव्हता. पण खाटेवरच्या बाईचाही नव्हता. तीही कुणाची तरी आई होती आणि पोशाख पाहून निर्धास्त झोपली होती.

तोपर्यंत आम्ही समजत होतो की मान्यता म्हणजे नोकरीसाठी लागणारा शिक्का. त्या रात्रीनंतर कळले की तो शिक्का आधी रोग्यासाठी आहे, मग आपल्या लेकीसाठी.

आता हा शिक्का कोण देतो ते नीट सांगतो, कारण इथेच आपली माणसे फसतात. आपल्या देशात १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. काय शिकवायचे, किती तास, शिक्षक किती, रुग्णालय केवढे, याची किमान पातळी सगळ्या देशासाठी ही परिषद ठरवत आली. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. जुन्या परिषदेची जागा या आयोगाने घ्यावी, असे त्यात ठरले आहे. आपल्या राज्यात १९६६ च्या कायद्याखाली महाराष्ट्र परिचर्या परिषद आहे. नर्सची नोंदणी होते ती राज्याच्या परिषदेकडे. तिसरा दुवा परीक्षेचा. बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी असल्यामुळे ती विद्यापीठच देऊ शकते. महाराष्ट्रात १९९८ पासून नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ हे काम पाहते. काही अभिमत विद्यापीठांची कॉलेजेही आहेत. ए.एन.एम. आणि जी.एन.एम. या पदविकांची परीक्षा राज्याचे मंडळ घेते. याखेरीज शासनाची परवानगी लागते ती वेगळीच.

म्हणजे शासनाची परवानगी, परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची किंवा मंडळाची संलग्नता, या तिन्ही गोष्टी हव्यात. त्यांतली एक दाखवून दोन लपवणारे पुष्कळ आहेत.

आणखी एक बारकावा आहे. मान्यता नुसत्या संस्थेला नसते. ती ठरावीक अभ्यासक्रमाला, ठरावीक वर्षासाठी आणि ठरावीक जागांसाठी असते. एखाद्या संस्थेला ए.एन.एम.ची मान्यता असते आणि तीच चौकट दाखवून ती बी.एस्सी.ला मुली भरते. एखाद्या ठिकाणी साठ जागा मंजूर असतात आणि एकसष्टाव्या मुलीचेही पैसे घेतले जातात. 'आमचे कॉलेज मान्यताप्राप्त आहे' हे वाक्य खरे असूनही तुमची लेक फसू शकते. म्हणून विचारायचे ते असे: याच कोर्सला, याच वर्षी, किती जागांना मान्यता आहे? आणि माझी मुलगी त्या जागांत बसते का?

कुणी 'नॅक'ची श्रेणी दाखवील. नॅक ही १९९४ साली स्थापन झालेली संस्था कॉलेजांच्या दर्जाचे मूल्यांकन करते. चांगली श्रेणी असेल तर ती जमेची बाजू आहे. पण श्रेणी म्हणजे नर्सिंग परिषदेची मान्यता नव्हे. घर किती सुंदर आहे हे एकजण सांगतो, आणि सातबारा कुणाच्या नावावर आहे हे दुसऱ्याकडून कळते. आधी सातबारा पाहावा.

रुग्णालयाचे तर डोळ्यांनी पाहावे. साठ विद्यार्थ्यांच्या कॉलेजला किमान शंभर खाटांचे स्वतःचे रुग्णालय आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण, असा परिषदेचा दंडक आहे. तो कशासाठी? सलाईन लावणे, बाळंतीण सांभाळणे, भाजलेल्याची जखम धुणे, मरणाऱ्याचा हात धरणे, हे प्लास्टिकच्या माणसावर येत नाही. कॉलेज पाहायला जाल तेव्हा साहेबांच्या खोलीत बसू नका. रुग्णालयात जा, खाटा मोजा, खाटेवर माणसे आहेत का पाहा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचारा, "बाळ, तुमच्या आधीच्या मुलींची नोंदणी झाली का?" या एका प्रश्नाच्या उत्तरात सगळे येते.

घरबसल्या, पत्राद्वारे नर्स करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. इग्नू विद्यापीठाचा पोस्ट बेसिक बी.एस्सी.चा अभ्यासक्रम आहे हे खरे, पण तो आधीच नोंदणी झालेल्या, काम करणाऱ्या नर्ससाठी आहे. सहा महिन्यांचे, वर्षाचे 'रुग्ण सहायक' किंवा 'नर्सिंग असिस्टंट'चे कोर्स असतात. ते शिकून काम मिळते आणि ते काम हलके नाही. आमच्या थोरलीने तेच केले. पण ते सहायकाचे काम आहे हे सांगून शिकवावे. नर्सचे स्वप्न दाखवून सहायक बनवणे ही फसवणूक आहे. आणि एजंट परराज्यात नेतो म्हणाला, तर तिथल्या परिषदेची नोंदणी आपल्या राज्यात बदलून मिळेल का, हे महाराष्ट्र परिषदेकडे आधी विचारावे. मुलगी तिकडे पोहोचल्यावर विचारून उपयोग नाही.

पैशांबद्दल दोन शब्द. बी.एस्सी. नर्सिंगचा प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून आणि केंद्रीय फेऱ्यांतून होतो. या फेऱ्यांच्या यादीत कॉलेजचे नाव आणि जागा असतात. नाव नसेल तर का नाही हे विचारा. खासगी कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. देणगी घेणे १९८७ च्या कायद्यानेच बंद आहे. जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांची तयारी मुलगी अकरावीला गेली की सुरू करा. शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा आहे. त्यावरच्यांना फ्रीशिप असते. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेची चौकशी करा. मूळ दाखले कुणाकडे ठेवू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच कॉलेजांना तसे बजावले आहे. आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा. पावती मागणे म्हणजे अविश्वास नव्हे, तो आपला हक्क आहे. आम्हाला हे शिकायला तीन वर्षे लागली.

आता पुढचे सांगतो. २०१७ साली थोरलीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पदवीला जायचे तर आणखी चार वर्षे लागणार होती, आणि घरात तेवढा दम उरला नव्हता. तिने दोन वर्षांच्या ए.एन.एम.ला प्रवेश घेतला. वर्गात सगळ्यांहून मोठी. बरोबरीच्या मुली तिला ताई म्हणत. या वेळी फी भरायच्या आधी आम्ही दोघे परिषदेची यादी घेऊन बसलो, शिष्यवृत्ती मंजूर होते का ते पाहिले, मग पैसे भरले. २०१९ साली ती पास झाली आणि तिची नोंदणी झाली. नोंदणीचा कागद घरी आला त्या दिवशी आम्ही पेढे वाटले नाहीत. पहिले पेढे आठवले. आम्ही तो कागद नुसताच पुन्हा पुन्हा वाचला.

करोनाच्या काळात ती उपकेंद्रावर होती. जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले आणि पुढे तिनेही शेकडो माणसांना लस टोचली. एका म्हातारीने तिला विचारले, "बाई, दुखणार तर नाही ना?" ती म्हणाली, "आजी, मला शिकवलंय." घरी येऊन तिने हे हसत हसत सांगितले. आम्हाला मात्र ती पहाट आठवली.

धाकटीने २०१९ साली बारावी केली. तिच्या वेळी पत्रके आली ती आम्ही चुलीत घातली. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलमध्ये गुणवत्तेवर तिला जी.एन.एम.ला जागा मिळाली. २०२२ साली ती नोंदणीकृत नर्स झाली. तिची मेसची फी थोरलीने आपल्या पगारातून भरली. आता धाकटी दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करते आहे. पुढे एम.एस्सी. करता येईल, शिक्षिका होता येईल, परदेशी जायचे म्हटले तरी वाट बंद नाही. तिच्या शिडीला पायऱ्या आहेत, कारण पहिली पायरी पक्की होती. थोरली आजही अकरा महिन्यांच्या करारावर आहे. बहिणीचे कौतुक करताना तिचा आवाज खरा असतो, त्यात हेवा नाही. पण आईबापाला त्यातले ऐकू यायचे ते येते. तीन वर्षे कमी पडली, आणि ती तिने नव्हे, आम्ही घालवली.

त्या रात्री त्या भावाने पत्रक पुन्हा घडी करून खिशात ठेवले. दुसऱ्या दिवशी तो पंचवीस हजार भरायला गेला नाही. थोरलीला घेऊन नेट कॅफेत गेला. यादीत त्या कॉलेजचे नाव होते, पण फक्त ए.एन.एम.साठी. त्याच्या पोरीला विकत होते ती बी.एस्सी.ची जागा. आता त्याने केंद्रीय फेरीचा अर्ज भरला आहे. जागा लांबच्या जिल्ह्यात मिळेल कदाचित. पोरीची आई रडते आहे. आम्ही तिला म्हटले, चार वर्षे लांब राहिली तरी पोर हातात नंबर घेऊन परत येईल.

वाचक बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी विहारात वंदना झाली की दहा मिनिटे थांबा. यंदा बारावी झालेल्या मुलींना आणि त्यांच्या आईबापांना एकत्र बसवा. ज्याच्याकडे मोबाईल आहे त्याने परिषदेची आणि विद्यापीठाची यादी उघडावी आणि एकेका पत्रकावरचे नाव तिच्यात शोधावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. फी भरायच्या आधी एवढाच प्रश्न विचारा की, माझी मुलगी पास झाल्यावर तिची नोंदणी कुठल्या परिषदेत होणार, आणि तसे लेखी द्याल का?

लेखी मिळाले तरी यादीशी ताडून पाहा. आमच्या घरात सोनेरी अक्षरांचे ते प्रमाणपत्र अजून आहे. थोरलीने ते फाडू दिले नाही. कुणी विचारायला आले की ती ते बाहेर काढते, आणि शेजारी आपला नोंदणीचा कागद ठेवते.